हलकं बियाणं

आमच्या शिवारात अबकारी खात्याचं यंत्र बसलं, त्या दिवशी अप्पांनी त्याच्यापुढे नारळ फोडला. कर बसवणाऱ्या यंत्राची पूजा करणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. पण अप्पांचं म्हणणं असं, की ज्या पिकापायी पूर्वी पोलीस उभं शेत उपटून न्यायचे, त्याच पिकावर सरकार आता रीतसर कर मागतंय. म्हणजे आपण चोर राहिलो नाही. त्यांनी यंत्राला हळदकुंकू लावलं. हळदीच्या वासानं यंत्र दहा मिनिटं बंद पडलं आणि बसवायला आलेला अभियंता अप्पांवर चिडला.

ही गोष्ट सातपुड्याच्या पायथ्याच्या साकळझिरीची. आमची केळी रोगानं गेली. त्यानंतर वर्षभरानं औषधी गांजाचा कायदा आला, आणि तीनशे वीस घरांनी मिळून उत्पादक संस्था काढली. अप्पा, म्हणजे पुंडलिक झोपे, तिचे अध्यक्ष. ते माझ्या नवऱ्याचे चुलते. मी हर्षदा, वनस्पतिशास्त्रात एम. एस्सी., संस्थेची बियाणे अधिकारी. पद ऐकायला भारदस्त आहे. काम एवढंच, की कुठल्या झाडाचं बी राखायचं आणि कुठलं झाड नुसतं कापायचं ते ठरवणं.

कागदोपत्री त्या यंत्राचं नाव घ्राणस्तंभ. गावानं दुसऱ्याच दिवशी त्याचं हुंग्या केलं. दर वीस ओळींमागे पुरुषभर उंचीचा एक खांब. गांजाच्या फुलावर राळेचे बारीक थेंब असतात आणि झाडाची ताकद त्या थेंबांत असते. त्यांच्यातून वास सुटतो. हुंग्या तो वास ओढून घ्यायचा, फुलावर डोळ्यांना न दिसणारा उजेड टाकायचा, आणि प्रत्येक झाडात किती मिलिग्रॅम ताकद आहे ते सांगायचा. त्या मिलिग्रॅमवर अबकारी. झाड अजून मातीत उभं असायचं आणि कर कापला गेलेला असायचा. पुढे वाळवताना जी ताकद उडून जाते, तिचाही कर आम्हीच भरायचा.

विक्रीकर तेवढा ग्राहकानं भरायचा असं कायद्यात लिहिलं होतं. लिहायला काय जातं! बाटलीची छापील किंमत सरकारनंच नऊशे रुपयांवर बांधलेली. त्यामुळे विक्रीकर वर चढू शकत नव्हता, तो खाली उतरून आमच्या खळ्यात येऊन बसायचा. विक्रीकर, दुकानदार आणि वाहतूक वजा जाता संस्थेच्या हाती साडेचारशे यायचे, आणि त्यातून अबकारीचे दोनशे ऐंशी जायचे. उरलेल्या एकशे सत्तरात पाणी, वीज, मजुरी आणि अर्क काढण्याचा खर्च. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीला अप्पांनी सभेत सरळ सांगितलं, की असंच चाललं तर दिवाळीनंतर संस्थेला कुलूप लावावं लागेल.

मला ते कुलूप परवडणारं नव्हतं, आणि त्याचं कारण पगार नव्हता.

माझा नवरा हेमकांत विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचा. केळीच्या शेवटच्या हंगामात घडांनी भरलेली ट्रॉली त्याच्या डाव्या पायावरून गेली. हाड जुळलं, पण नसा कायमच्या बिघडल्या. पायावर चादरीचं टोक पडलं तरी तो ओरडायचा. पंख्याचा वारा लागला तरी ओरडायचा. डॉक्टर बदलले, गोळ्या बदलल्या. एकदा त्यानं मला शांतपणे विचारलं, “हर्षा, पाय कापून टाकला तं चालीन का?” मी म्हणाले, चालेल. डॉक्टर म्हणाले, पाय कापला तरी नसा ओरडतच राहतील. अशी दोन वर्षं काढली आम्ही.

मग संस्थेचा पहिला अर्क तयार झाला. सकाळी चार थेंब, संध्याकाळी चार. आठव्या दिवशी हेमकांत चप्पल घालून चौकात गेला आणि पानटपरीवर तासभर गप्पा मारून आला. मी दारात उभी राहून रडले. शेजारणी बघत होत्या, पण मला त्याचं काही वाटलं नाही. त्या दिवसापासून संस्था जगवणं हे माझं स्वतःचं काम झालं.

उपाय मला सिंधूमावशीच्या खळ्यात सुचला. मावशी संस्थेत बियाण्याच्या वाफ्यावर काम करायची. त्याआधी चाळीस वर्षं ती भरताच्या वांग्याचं बी राखत आलेली, आणि तिच्या हाताला गुण आहे असं पंचक्रोशीत मानलं जायचं. तिची पद्धत साधी होती. चांगलं झाड दिसलं की त्याला लाल दोरा बांधायचा, म्हणजे तोडणाऱ्या बायका त्याला हात लावत नाहीत. दोऱ्याच्या झाडाचं फळ झाडावरच पिकवायचं आणि त्याचंच बी पुढच्या वर्षी पेरायचं.

“मावशी, या खेपेला दोरा वेगळ्या झाडाले बांधायचा,” मी म्हणाले. “ज्याचा अर्क चांगला निंघतो, पन हुंग्याले ज्याचा वास लागत नही, त्याले.”

“म्हन्जे लबाड झाडाले?”

“लबाड नही वं. आपली शिरीमंती जे दाखवत नही, त्याले.”

मावशी हसली. “मंग तं सोपं हाये. आपल्या गावात निम्मे लोकं तशेच हायेत.”

यात बेकायदा काही नव्हतं, हे मी आजही सांगते. कुठल्या झाडाचं बी राखावं यावर कुठल्याही सरकारनं कधी कायदा केलेला नाही. प्रत्येक झाडाचे दोन आकडे माझ्याकडे असायचे: शेतात हुंग्यानं सांगितलेला आणि त्याच्या चिमूटभर फुलाच्या अर्कात आमच्या प्रयोगशाळेनं मोजलेला. ज्या झाडाच्या या दोन आकड्यांत सगळ्यात जास्त फरक, त्याला मावशीचा दोरा. बाकीची झाडं अर्काला जायची. शेडनेटवर काळं कापड ओढून दिवस लहान केला, की हे झाड हंगाम नसतानाही फुलावर येतं, त्यामुळे वर्षाला तीन पिकं निघायची. म्हणजे वर्षात झाडाच्या तीन पिढ्या. माणसाला तेवढ्याला पाऊणशे वर्षं लागतात.

पाच पिकांत आमची अबकारी बाटलीमागे दोनशे ऐंशीवरून एकशे दहावर आली. अर्क मात्र तेवढाच कडक. माझी समजूत अशी, की ही झाडं राळ फुलावर कमी आणि आत जास्त ठेवत असावीत. समजूत सोयीची होती, म्हणून मी ती तपासली नाही. अप्पांनी वार्षिक सभेत मला शाल दिली आणि मावशीला लुगडं. त्या बियाण्याला गावात नाव पडलं ‘हलकं’. कराला हलकं, म्हणून.

खात्याच्या लक्षात आलं ते एवढंच, की पीक तेवढंच असून महसूल घटतोय. खात्यानं मिलिग्रॅममागचा दर दीडपट केला. आम्ही आणखी हलकं बी निवडलं. वर्षभरानं दर पुन्हा वाढला, आम्ही पुन्हा निवडलं. खातं दर चढवायचं, आम्ही चाळण बारीक करायचो. हा खेळ पाच वर्षं चालला, आणि खरं सांगायचं तर मला त्यात मजा येत होती. सरकारच्या यंत्राला आपण नुसत्या लाल दोऱ्यानं हरवतोय, या भावनेची एक धुंदी असते. तिच्यावर अबकारी नसते एवढंच.

सहाव्या वर्षी हेमकांत दुपारी झोपायला लागला.

आधी मला बरंच वाटलं. किती वर्षांची झोप राहिली होती त्याची! मग तो सकाळी नऊपर्यंत झोपू लागला, मग अकरापर्यंत. दुरुस्तीला आलेल्या मोटारी ओट्यावर तशाच पडून राहायच्या. एकदा जेवताना त्यानं विचारलं, “माय कुठी गेली?” त्याची आई जाऊन चार वर्षं झाली होती. मी सांगितल्यावर तो म्हणाला, “हा, हा, खरंच की,” आणि घास चावत राहिला. त्याला वाईटसुद्धा वाटलेलं दिसलं नाही.

मी जळगावच्या एका प्रयोगशाळेत त्याचं रक्त तपासून घेतलं. आठ थेंब घेणाऱ्या माणसाच्या रक्तात गांजाची जेवढी ताकद सापडायला हवी, त्याच्या कितीतरी पट जास्त सापडली. मी त्याच्यासमोर कागद आपटला.

“हेमकांत, चोरून घेतो का तू?”

“काय?”

“थेंब. मी नसताना बाटली काढतो का?”

“आठच घेतो, हर्षा. मोजून घेतो. तुह्याशी मी काबरं खोटं बोलू?”

“कागद खोटं बोलतो का मग?”

मी बाटली कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला लावली. महिनाभर त्याचे थेंब मी माझ्या हातानं त्याच्या जिभेवर सोडले. तो मान वर करून, डोळे मिटून ते घ्यायचा. नवऱ्याला मी इतकं लहान कधीच केलं नव्हतं. महिन्यानं रक्त पुन्हा तपासलं तर आकडा आणखी वाढलेला. म्हणजे कागदही खरा होता आणि हेमकांतही. मी त्याची माफी मागितली. “कशाची?” त्यानं विचारलं. त्याला काही आठवत नव्हतं.

मग जे मी पाच वर्षांपूर्वी करायला हवं होतं ते केलं. आमच्या अर्कात साखर तोडणारं विकर घातलं आणि पुन्हा मोजलं. बाटलीतली ताकद अकरा पट झाली.

झाडं पुष्कळ पदार्थांना साखरेचा एक कण जोडून ठेवतात. ही त्यांची जुनी सवय आहे. साखर जोडली की पदार्थ निमूट होतो. त्याला वास राहत नाही, उजेडातही तो वेगळा दिसतो. लाखभर झाडांत चार-दोन झाडं अशी असतातच, की जी आपली ताकद साखर जोडून ठेवतात. हुंग्याला ती दुबळी वाटायची. मी दर पिकाला नेमकी तीच वेचली, त्यांना दोरा बांधला आणि त्यांचीच पोरं वाढवली. अशी पंधराच्या वर पिकं. झाडानं हे ठरवून केलेलं नाही, झाड काही ठरवत नाही. ठरवलं मी.

अर्क काढताना तो तापवावा लागतो. त्या उष्णतेनं थोडी साखर सुटायची आणि तेवढीच ताकद आमच्या यंत्राला दिसायची. त्यावरून आम्ही बाटलीवर थेंब छापायचो. बाकीची ताकद साखरेच्या बुरख्याआड तशीच बाटलीत उतरायची, कारण यंत्राला ज्याचं नाव शिकवलंय तेवढंच ते मोजतं. माणसाच्या आतड्यातले जंतू मात्र साखरेवरच जगतात. ते तो बुरखा फाडून खातात, आणि आत राहिलेलं सगळं रक्तात सोडून देतात.

आमच्या बाटल्या त्या वर्षी चाळीस हजार घरांत गेल्या होत्या.

मी अप्पांकडे गेले. ते वाळवणीच्या मोठ्या खोलीत फुलांचे ट्रे बघत होते. मी सगळं सांगितलं, समजेल असं सांगितलं. अप्पा रागावले नाहीत. त्यांनी फक्त दार लोटून घेतलं.

“कोनी मेलं का?”

“माहीत नही अप्पा. आपल्याले कोन कळवीन? म्हातारी, आजारी मानसं घेतात हे. झोपेत गेली तं लोकं म्हनतीन, सुटली.”

“मंग दम धर. हा हंगाम निंघू दे, मंग सांगू. आत्ता सांगितलं तं उभं पीक जाळतीन. तीनशे वीस घरं हायेत, हर्षा.”

“आन् ती चाळीस हजार?”

अप्पा ट्रेमधली फुलं बोटांनी सारखी करत राहिले. मग म्हणाले, “हेमकांतले काय देशील मंग? बाजारातल्या गोळ्या? दोन वर्षं देऊन पाह्यल्या ना तू? तो कसा ओरडे, ते माह्या घरापर्यंत ऐकू ये.”

माझं नेमकं मर्म त्यांना माहीत होतं, कारण ते घरचेच होते. मी गप्प बसले. एक हंगाम, मी स्वतःला सांगितलं. हेमकांतचे थेंब आठावरून एकावर आणले. बाकीच्यांचे थेंब माझ्या हातात नव्हते, असंही मी स्वतःला सांगितलं. मला त्या चार महिन्यांची शरम आहे, आणि ती कुणी काढून घेऊ शकणार नाही.

गप्प राहणं मोडलं ते एका आभारपत्रानं. अमळनेरकडच्या कुणा शिक्षिकेनं संस्थेला हातानं लिहिलेलं पत्र पाठवलं होतं. ‘माझ्या आईला संधिवातानं दहा वर्षं डोळा लागत नव्हता. तुमच्या औषधानं ती आता अठरा अठरा तास शांत झोपते. मध्ये उठवलं तर मला ओळखत नाही, पण चेहरा अगदी प्रसन्न असतो. आपल्या शेतकरी बांधवांचे उपकार मी विसरणार नाही.’ अप्पांनी ते पत्र चौकट करून कार्यालयात लावलं. मी त्याच दिवशी तालुक्याच्या अबकारी कार्यालयात गेले.

निरीक्षक रमजान तडवी आमच्याच पट्ट्यातले. सरळ माणूस. पाच वर्षांत त्यांनी आमच्याकडे चहाच्या पलीकडे काही घेतलं नव्हतं. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, मध्ये दोनदा थांबवून नीट लिहूनही घेतलं.

“म्हणजे मॅडम, हुंग्यानं दाखवलं त्याच्या निदान अकरा पट माल शेतात होता?”

“मालाचं नही सांगत मी, तडवी साहेब. मानसांचं सांगून राह्यली.”

“मला समजतंय.” त्यांनी पेन खाली ठेवलं. “माझी चुलतीसुद्धा घेते हे औषध. पण माझ्या अहवालात माणसांचा रकाना नाही. कर बुडाला असा एकच रकाना आहे, तो भरला की कागद वर जातो. औषध खात्याला प्रत पाठवतो मी. तिथं काय होईल ते माझ्या हातात नाही.”

कागद वर गेला. औषध खात्यानं समिती नेमली; ती अजून बसलेली आहे. अबकारी खात्यानं मात्र सात आठवड्यांत निर्णय घेतला, एवढ्या झपाट्यानं सरकारला काम करताना मी कधी पाहिलं नव्हतं. शेतात कर बसवला की झाड लपवतं, हे त्यांना आमच्यामुळे समजलं होतं. म्हणून त्यांनी कर शेतातून उचलला. झाडाला लपवता येतं, शरीराला येत नाही. बाटली हवी असेल तर रोग्यानं मनगटावर एक पट्टी बांधायची आणि रक्त रिकामं होईपर्यंत ती काढायची नाही, असा नियम निघाला. पट्टी घामातून रोज पहाटे रक्तातली ताकद मोजते, आणि तेवढी ताकद त्या दिवशी विकत घेतली असं धरून कर रोग्याच्या खात्यातून जातो. बाटलीवर थेंब आठच छापलेले राहिले. थेंब कमी करायचे तर ते समितीनं सांगायला हवं होतं.

उत्पादकांवरची अबकारी शून्य झाली. साडेचारशेच्या साडेचारशे संस्थेच्या हातात. अप्पांनी गावभर पेढे वाटले. ते आमच्याही घरी आले, हेमकांतच्या उशाशी पुडा ठेवला आणि म्हणाले, “तुह्या बायकोनं गाव तारलं रे.” हेमकांत झोपलेला होता. मी पुडा उचलून अप्पांच्या हातात परत दिला. तेव्हापासून आमच्यात बोलणं नाही.

आता हलक्या बियाण्याची कुणालाच गरज नव्हती. पहिल्या वर्षीचं जुनं बी पुन्हा लावावं म्हणून मी मावशीकडे गेले. ती खळ्यात सूप घेऊन बसली होती.

“जुनं कुठलं आता? तूच तं म्हनली व्हती, हलकं तेवढं राहू दे म्हनून.”

“थोडंसुद्धा नही का? आजूबाजूच्या गावांत कोनाकडे?”

“त्यायच्याकडेही हलकंच. मीच देल्लं. चोपड्याकडून बाया आल्या, शिरपूरकडून आल्या, नदीपल्याडच्या पावऱ्यायच्या पाड्यावरच्या पोरी आल्या. पदरात मूठ मूठ बांधून देल्लं सगळ्यायले. दारी बी मांगाले आलेल्या बाईले मी कधी रिकामी पाठवली नही, हर्षा. पैसा घेतला नही एकीचा.” तिनं सूप खाली ठेवलं. “काबरं? काही वाईट झालं का?”

त्या बायांनी ते विनापरवाना, कुडाच्या आड, ओढ्याच्या काठाला पेरलं असणार. तिथं ना यंत्र होतं, ना पट्टी, ना बाटलीवर छापलेले थेंब. आणि गांजाचा पराग वाऱ्यावर कोसच्या कोस जातो. येताना मी रस्त्याकडेची रानटी गांजाची चार-पाच झाडं उपटून नाकाशी धरली. एकालाही वास नव्हता.

“काही नही मावशी,” मी म्हणाले. ती पुन्हा पाखडायला लागली.

हेमकांतचा एक थेंबही मी बंद केला, त्याला न सांगता. पट्टीवरचा आकडा उतरेल म्हणून वाट बघत बसले. अकराव्या दिवशी तो आदल्या दिवसापेक्षा वर होता. बाराव्या दिवशी आणखी वर. पट्टी बिघडली म्हणून मी तडवींना बोलावलं. त्यांनी दुसरी लावून पाहिली, तर तीही तेच सांगत होती.

“थेंब खरंच बंद आहेत?” त्यांनी हळूच विचारलं.

“बारा दिवस झाले.”

“मॅडम, शरीरात सापडलं म्हणजे विकत घेतलं, असाच नियम आहे. मी नोंद अडवू शकत नाही.” जाताना त्यांनी डोक्याला रुमाल बांधला आणि माझ्याकडे न बघता गाडीवर बसले.

उलगडा केला तो जिल्ह्याच्या रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी. ही ताकद पाण्यात विरत नाही, ती चरबीत जाऊन बसते. पाच वर्षांची साठलेली होती. माणूस झोपून राहिला की जेवत नाही. जेवला नाही की शरीर चरबी जाळतं. चरबी जळली की आतली ताकद रक्तात येते, आणि माणूस आणखी झोपतो. थोड्या मात्रेनं माणसाला भूक लागते म्हणतात, पण झोपलेल्याला भूक कशी लागणार? “त्यांना भरवा,” बाई म्हणाल्या. “वजन उतरू देऊ नका. जसं जमेल तसं भरवा. दुसरा इलाज माझ्याकडे नाही.”

तेव्हापासून माझा दिवस हेमकांतच्या जागं होण्याभोवती फिरतो. तो दुपारी दीडच्या सुमाराला जागा होतो, वीस मिनिटं, कधी पंधरा. मी आधीच सगळं करून ठेवते: तुपात कालवलेला भात, केळं कुस्करलेलं दूध. घास तोंडात असताना तो झोपतो, मग बोटानं काढावा लागतो, नाहीतर घशात अडकेल. गेल्या महिन्यात त्याचं चार किलो वजन उतरलं.

मागच्या पंधरवड्यात एकदा मात्र तो नीट जागा झाला. डोळे स्वच्छ होते. मला वाटलं, आता सगळं सुरळीत होणार.

“हर्षा, तू थेंब बंद केले,” तो म्हणाला.

“तुले कसं समजलं?”

“जिभीवर कडू येत नही.” त्यानं पायाकडे पाहिलं. “मंग पाय काबरं दुखत नही?”

“आत साठेल हाये ते.”

“लई?”

मी होकारार्थी मान हलवली. तो मेकॅनिक माणूस, टाकी किती भरलीय आणि किती वेळात रिकामी होईल असा विचार करत असणार. मग म्हणाला, “मंग हा पायच सांगीन तुले. ज्या दिवशी दुखीन, त्या दिवशी रिकामं झालं समज. त्या दिवशी मले झोपू देऊ नको. कितीबी ओरडलो तरी.”

“नही देनार. तू आधी हा घास घे.”

त्यानं दोन घास घेतले. तिसरा तसाच राहिला.

त्या पायाला चादर लागू नये म्हणून मी दोन वर्षं रात्र रात्र चादर हातात धरून बसले आहे. त्या दुखण्यापायी मी झाडाची जात बदलली, चाळीस हजार घरांत ती पाठवली आणि वर चार महिने तोंड शिवून बसले. आता रोज सकाळी त्याच्या डाव्या तळव्यावर मी नख ओढते. आधी हलकेच ओढते, मग जोर लावून. कधी कधी वळ उठतो. मनगटावरच्या पट्टीनं पहाटेच त्या दिवसाचा कर कापून घेतलेला असतो. मी नख ओढून त्याच्या तोंडाकडे बघत बसते.

तो अजून ओरडलेला नाही.